मूळ गाव

आजोबा सांगायचे, आपण हेपरकर, मूळ गाव हेपर.
मुळशीपासून मावळापर्यंत विचारलं,
तलाठ्यांनी हात जोडले.

आज खडकीच्या चर्चमध्ये डिकुन्हाबाईंनी
कपाट उघडलं. "सावकाश उलटा, कसर लागलीय."
टिमथी हेफर्नन, तोफखाना, जन्म आयर्लंड.
चार पानांनंतर हेफरनान.
मृत्यूच्या रकान्यात नुसतं हेपर,
पुढे: पटकी.

गाव नव्हतंच. माणूस होता.

लग्नाच्या नोंदीत वधू राधी, आता मेरी,
बापाचं नाव कोरं.
सहीच्या जागी तिची फुली.
आणि शेजारी, मी चष्मा पुसून पाहिलं,
त्याचीही.

नाव कारकुनाच्या कानाचं, तर.
हाताचं तेवढंच, जरा तिरकं.

झेरॉक्स मिळणार नाही, बाई म्हणाल्या.
बसच्या तिकिटामागे
मी दोन फुल्या उतरवून घेतल्या.