दुधाचा रकाना

इतांदेवी तीन वर्षांची.
नावाचा अर्थ आभाळाचं फूल, पण दूध दिसलं
की ओठ असे मिटते, जणू कुलूप लावून
किल्ली दरीत फेकलीय.

युफ्रोसिनाने सगळं करून पाहिलं.
दालचिनी घातली. कोको घातला.
निळा पेला, मग झाकणाचा पेला, मग नळी.
एक घोट बाबांचा, एक घोट टर्कीचा...
टर्कीचा घोट टर्कीलाच मिळाला,
उरलेला टेबलाखाली, कुत्र्याला.
ओआहाकाच्या या डोंगरात
सगळ्यात दणकट हाडांचं जनावर
सध्या त्यांचं कुत्रं आहे.

पोर ओट्यावरून उडी मारते
तेव्हा युफ्रोसिना कान देऊन ऐकते,
आत पोकळ वाजतं की भरीव.
शेजारीण म्हणाली, नाक दाब.
दीर म्हणाला, उपाशी ठेव, झक मारत पिईल.
ठेवलं एक दुपार.
प्यायली नाही. दोघी रडल्या.

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
दवाखान्याची जीप येते.
नर्स रेफुखियोच्या फॉर्मवर एकच प्रश्न छापलेला:
दूध, दिवसाला किती पेले?
पुढे चौकोन.
"शून्य," युफ्रोसिना म्हणते
आणि बोलणी खायला मान खाली घालते.

रेफुखियो पेन खाली ठेवते. मग खाते काय?

काय खाणार. टॉर्टिया.
किती?
चार. घेवड्याची उसळ असली तर पाच.
मका कशात शिजवतेस?

हा काय प्रश्न झाला! चुन्यात.
नासारियो भट्टीवरून कळीचा चुना आणतो,
पाणी पडलं की खदखदतो, फुटतो, पांढरा चिखल होतो.
त्यातला मक्याच्या हंड्यात, अंदाजाने,
आई घालायची तेवढा.
रात्रभर तसाच. सकाळी सालं सुटतात
पिवळी, बुळबुळीत,
आणि घराला नुकत्याच सारवलेल्या भिंतीचा वास येतो.

रेफुखियो हसायला लागते.
अगं बाई, तुझी पोर रोज
थोडा थोडा डोंगर खातेय.

(आपल्याकडे चुना लावणं म्हणजे फसवणं.
इथे तो मक्याला लावतात
आणि फसत कुणीच नाही.)

अजून काय?
जत्रेतली राजगिऱ्याची वडी. दोन दिवस हात चिकट.
तीळ वाटून केलेला रस्सा, तिचा कमी तिखट.
तळ्यातले बारीक सुके मासे.
काटे काढून?
काट्यांसकट. कुरकुर वाजतात म्हणून तर खाते.
आणि चीज, दोरीसारखं सोलून दिलं तर,
दोरी म्हणून.
"ते दुधाचंच की."
"हळू. ऐकेल ती."

फॉर्मच्या पाठीवर रेफुखियो बेरीज मांडते,
खोडते, पुन्हा मांडते.
पुरतं का?
काही दिवस पुरतं. काही दिवस थोडं कमी पडतं.
कमी पडेल त्या दिवशी चार मासे जास्त दे
आणि अंगणात सोड, उन्हात,
टोपीशिवाय, थोडा वेळ.
नाक दाबू नकोस. पुढच्या वेळी ती
तुझ्या हातची भाकरीही नको म्हणेल.

मग फॉर्म सरळ करून चौकोनात शून्य लिहिते.
लिहावंच लागतं, वरचे लोक तेवढंच वाचतात.
बाहेर समासात, अगदी बारीक, अजून एक शब्द लिहिते.
युफ्रोसिनाला वाचता येत नाही, ती विचारत नाही.
जीप वळणावर जाते. धुरळा बसेपर्यंत
इता हात हलवत राहते.

त्या संध्याकाळी दुधाचा पेला निघत नाही.
तवा तापतो, भाकरी फुगते,
पोर ती फुगा म्हणून फोडते, वाफ नाकावर घेते,
पहिला घास तोंडात, दुसरा अजून हातात,
तिसऱ्यासाठी रडं.

कुत्रा टेबलाखाली आपल्या जागी येऊन बसतो.
बराच वेळ वाट बघतो.
मग उठतो, युफ्रोसिनाकडे असा बघतो
जणू चुना त्यालाच लावला.