दिवस सहावा

नाश्त्यानंतर थॉर्नवेलकडे प्रयाण.
हे टुमदार गाव तिथल्या जुन्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे.
दगडी खांबांवरचं छप्पर, मनोरा, घड्याळ,
नदीत हंस. त्यांना चिवडा घालू नये.
तीन मैलांवर पडका किल्ला, वाटेत गुलाबांची बाग,
चार वाजता चहा. सोबत शाल असावी.

हे मी लिहिलंय,
धोबीतलावाला, दुसऱ्या मजल्यावर बसून.
खाली चषक आणि ढाली विकणारं दुकान आहे,
न जिंकलेल्या माणसांची नावं कोरायची बाकी.
अकरा वर्षं मी लोकांना इंग्लंडला पाठवते.
माझ्या पासपोर्टची मुदत एकदा संपली.
पुन्हा काढला. तोही कोरा आहे.

टुमदार हा शब्द माझ्या बोटांत राहतो.
गाव टुमदार, पूल टुमदार,
एकदा चर्चमागच्या थडग्यांनाही लिहून बसले.
भणगे सर म्हणाले, मिठबावकर बाई,
मेलेल्यांना तरी सोडा.

खरं सांगायचं तर थॉर्नवेल म्हणजे
एक नकाशा, तिकडच्या एजंटचे दोन फोटो,
बाकी सगळं मी क्रॉफर्ड मार्केटवरून उचललं.
ते घड्याळ, ते उतरतं छप्पर,
ते कारंजं, ज्याला पाणी मी तरी पाहिलं नाही.
पिंजऱ्यांतले पोपट वगळले
आणि हंस घातले.

परवा सुलोचनाबाई धैर्यवान आल्या,
वय अठ्ठ्याहत्तर,
दर सहा पायऱ्यांना थांबत, तक्रार करायला.
बाजार बाजार लिहिलंत, म्हणाल्या,
आम्हाला नेलंत बुधवारी.
बाजार मंगळवारी असतो हो तिथे!

चौक रिकामा.
एक माणूस नळीने पाणी मारत होता,
कोबीची पानं गटाराकडे निघालेली.
मंडळी किल्ल्यावर गेली.
माझे गुडघे काही किल्ल्याचे नाहीत.
मी छपराखाली बसले, दीड तास.

तिथे पायरीला एक खळगा आहे.
लोणी विकणाऱ्या बायका टोपली टेकवायच्या तिथे,
त्यांच्या आधी त्यांच्या सासवा,
असं त्या नळीवाल्याने खुणांनी सांगितलं,
म्हणजे मला तसं वाटलं.
मी हात घातला. पाणी साठलं होतं. गार.

आणि त्यांनी तळहाताची वाटी करून दाखवली,
तीर्थ घेतो तशी.

मी माफी मागितली.
पुढच्या सहलीवर पाच टक्के सवलत देऊ केली.
पुढची सहल? त्या हसल्या.
तुम्ही फक्त वार लिहा,
आणि स्वच्छतागृहाला सुटी नाणी लागतात, तेही लिहा.
नोट घेऊन दारात उभं राहण्यात
माणसाची काय शोभा राहते!

सुटल्यावर मंडईत गेले.
आंब्यांचा मोसम संपलेला,
पेट्यांतलं गवत तेवढं पायात येत होतं.
फरशी म्हणे बोटीतून आलेली, तिकडच्या खाणीतली.
एक चप्पल काढून पाय टेकवून पाहिला,
मग थोडं पुढे, पुन्हा.
काय पडलं? लिंबूवालीने विचारलं.
म्हटलं, काही नाही, खळगा शोधतेय.
ती उठली नाही.
फक्त टोपली वीतभर सरकवली.

दिवस सहावा. थॉर्नवेल.
बाजार फक्त मंगळवारी.
छपराखालच्या डाव्या पायरीला खळगा आहे,
हात घालून पाहावा.
सुटी नाणी जवळ ठेवावीत.

भणगे सरांनी खळग्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली,
समासात विचारलं, हे प्रेक्षणीय आहे का?
आणि गावाच्या आधी टुमदार परत घातलं.

टुमदार मी राहू दिलं.
रेघ खोडरबराने पुसली,
कागदाला थोडा खोलगटपणा आला तिथे.