आई-कंपनी

डच भाषेत उपकंपनीला लेक-कंपनी म्हणतात,
आणि जिच्या नावावर तिचे सगळे शेअर, ती आई.
रॉटरडॅमच्या कोर्टात काचेच्या खोक्यात बसून
दिवसभर हेच दोन शब्द मी
इकडून तिकडे नेते.
तासाचे साठ युरो. पाणी फुकट.

साक्षीला ओलिंदा साइदे,
केलिमानच्या ऑफिसातली हिशेबनीस.
अंगात उसना कोट, इथल्या मार्चला न पुरणारा.
तिथल्या नदीच्या मुखातला गाळ उपसायचं कंत्राट
लेक-कंपनीने घेतलं,
आणि घेताना जे काय दिलं
ते हिच्या अक्षरात आहे.

'काय दिलंत?' न्यायाधीश बाई विचारतात.
'रेफ्रेश्कु.'

मी थांबते.
शब्दशः, थंड पेय.
बंदराच्या फाटकावर, पासपोर्टच्या खिडकीत,
बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर मागतात ते.
बाटली कुणीच पाहिलेली नाही.
डचमध्ये मी चहापाण्याला शब्द शोधते;
सापडतो तो फारच स्वच्छ निघतो.
'थंड पेय,' मी सांगते, 'म्हणजे लाच.'
लिपिक फक्त दुसरा शब्द उतरवून घेतो.

किती?
चार हजार नऊशे. सतरा वेळा.
पाच हजारांवर आईची सही लागते म्हणून.
खातं: सागरी सल्ला.
सल्लागार, बंदर-अधिकाऱ्याचा मेहुणा,
ज्याला, ओलिंदा सांगते, पोहताही येत नाही.
(कोर्ट हसतं. हसण्याचा अनुवाद करावा लागत नाही.)

आईचा वकील उठतो.
मध्ये आठ हजार किलोमीटर, म्हणतो,
वेगळं संचालक मंडळ, वेगळा शिक्का, वेगळी चूल.
लेक कर्तीसवरती झाली,
तिचं तिने निस्तरावं.
आणि आईने आचारसंहिता पाठवली होतीच,
चाळीस पानी, वर भिंतीला लावायचं पोस्टर.

'पोस्टर कोणत्या भाषेत?'
'इंग्रजीत.'
'ऑफिसात इंग्रजी कोणाला येत होतं?'
ओलिंदा खरंच आठवून पाहते.
'प्रिंटरला.'

दर डिसेंबरला लेकीचा नफा आईकडे यायचा.
तेव्हा चूल एकच होती का,
असं कुणी विचारत नाही.
मला विचारायची मुभा नाही.
मी पाण्याचा घोट घेते.

मागच्या बाकावर कोर्नेलिस हूखेंडाइक, वित्त विभाग,
निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.
सकाळी शपथेवर म्हणाले होते,
सतरा वेळा तोच आकडा दिसला खरा,
वाटलं, भाडं असेल.

'आईकडून कधी काही विचारणा?'
'एकदा. जूनमध्ये. हूखेंडाइकसाहेबांचा फोन.
परवाना का अडलाय म्हणाले.
मी म्हटलं, साहेब, इथे जरा अडचण आहे.'
'मग?'
'मग म्हणाले, रेफ्रेश्कु मागतायत का?'

खोक्यात माझा आवाज मलाच ऐकू येतो.
'शब्द तुम्ही वापरलात की त्यांनी?'
'त्यांनी.'
'फोनवर दुभाषी होता?'
'नाही, बाई. कशाला लागतो?
पुढे म्हणाले, तुम्ही तिथलेच,
तुम्हाला मार्ग सापडेल.'

हूखेंडाइक चष्मा पुसतात.
पुसलेला परत पुसतात.
आणि मी,
जो शब्द या इमारतीत कुणाला ठाऊक नाही समजून
सकाळपासून फोडून सांगत होते,
तो जसाच्या तसा ठेवते.
लिपिक मान वर करतो: स्पेलिंग?
मी अक्षर अक्षर सांगते.

निकाल पुढच्या महिन्यात.
बाहेर बोळात ओलिंदा
नाणी टाकायच्या यंत्रापुढे उभी.
दोन युरो आत जातात,
गडगडत एक बाटली खाली येते, थंडगार.
ती उचलते, उलटीसुलटी करून बघते,
तिच्यावरचं डच मला वाचायला लावते.
मग यंत्राच्या फटीत बोटं घालून चाचपते:

'पावती कुठून येते याची?'