एक्केचाळीस टक्

दिवाळीनंतरच्या सोमवारी यासीनभाई दिवाण म्हणाले,
"फणसेबेन, डावं चाक बोलायला लागलंय."
मी वही मिटली आणि खाली वाकले.

रीच ट्रकच्या पुढच्या पायात, जिथे सहसा कुणी बघत नाही,
तांबूस पॉलियुरेथेनवर एक चपटी जागा,
कुशीवर निजून उठलेल्या माणसाच्या गालासारखी.
सुटीचे पाच दिवस
सोडा ॲशच्या गोण्या उचलून
ट्रक तीन नंबरच्या गेटपाशी उभाच होता.
ओझं उतरवून जायचं कुणाला सुचलं नाही.
मलाही नाही. मी तेव्हा घरी चकल्या मोजत होते.

कडेला पॅकिंगच्या तारेचा तुकडा रुतलेला,
आणि लोखंडाला थर चिकटतो तिथे
नख शिरेल एवढी फट.
नख शिरलं. मग प्रश्न उरत नाही.

मकरपुऱ्यात चाकं विकणारे तिघे.
पहिल्याने नायलॉनचं पुढे केलं,
"झिजणार नाही, बेन, तुम्ही रिटायर व्हाल."
खरं आहे. झिजेल आमची फरशी
आणि यासीनभाईंचे मणके.
दुसऱ्याकडे सगळी पिवळीधमक, लाडवांसारखी रचलेली.
कडकपणा किती विचारलं तर म्हणाला, "एकदम कडक,"
चहाबद्दल सांगावं तसं.
तिसरा हिरेन पंचाल, गालात सुपारी,
त्याने मलाच विचारलं:
वजन किती, फरशीला सांधे किती,
तेल सांडतं का, पाणी साचतं का,
दिवसाला खेपा किती, थंड गोदामात जातो का?
मी उत्तरं देत गेले आणि वाटलं,
माझं लग्न ठरवताना कुणी
इतकं नीट विचारलं नव्हतं.

साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला.
"खराब एक, मग मागवता दोन?"
उजवं झिजून दोनशे पंच्याहत्तर, नवं दोनशे पंच्याऐंशी.
मी पेन्सिलीने उभा त्रिकोण काढला:
खाली पाच मिलिमीटर,
वर आठ मीटरवर, जिथे गोणी ठेवायची, दोन बोटं.
दोन बोटं त्यांना लगेच समजली.

चाकं यायला सतरा दिवस.
तोवर ट्रक अर्ध्या वजनावर, सावकाश,
टक्... टक्...
आख्ख्या गोदामाला एक लंगडी नाडी.

शुक्रवारी जॅक लावला, दोन्हीकडे सागाचे ठोकळे,
किल्ली माझ्या खिशात.
सर्क्लिप उडून रॅकखाली गेली, ती अजून तिथेच आहे.
पिन गंजून धरलेली. जीतूने घण उचलला,
मी म्हटलं, थांब, तिला जरा तेल पिऊ दे.
बेअरिंगमधून काळी भुकटी पडली, मशेरीसारखी.
नवं चाक बसवून तळव्याने ढकललं,
ते फिरत राहिलं, फिरत राहिलं,
आम्ही दोघं उगाच बघत उभे.

शनिवारी यासीनभाई डिस्पॅचची पिवळी रेघ ओलांडून
दीड मीटर पुढे जाऊन थांबले.
उतरले. ट्रकभोवती एक फेरी मारली.
"बेन, आवाज कुठे गेला?"

ओझं पुढे असलं की रेघ दिसत नाही.
सतरा दिवस ते टक् मोजत होते.
शेवटच्या रॅकपासून एक्केचाळीस, मग ब्रेक.
मला सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं,
वजन विचारलं, सांधे विचारले, तेल, पाणी.

रॅकच्या खांबाला, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर
मी पिवळी पट्टी मारून घेतली.
छान आहे म्हणाले. बघत मात्र नाहीत.
मंगळवारी मागून जाताना ऐकलं,
ओठांतल्या ओठांत,
फरशीच्या सांध्यांवर: पाच... सहा...

जुनं उजवं चाक अजून धडधाकट आहे.
माझ्या केबिनचं दार
वाऱ्याने आपटू नये म्हणून
तिथे ठेवलंय.