सांभार

पहिल्या दिवशी पुस्तकातलं बोलली, "कोथिंबीर आहे का?"
म्या म्हटलं, इथं त्याले सांभार म्हणतेत, बाई.
हसली. वहीत लिहून घेतलं.
नाव नीमा. ऐकून वाटलं, आपल्याकडचीच,
पण गाव टांझानियात, समुद्राच्या कडेले,
अन् खोली धरमपेठेत, चौथ्या माळ्यावर.

भेदरं दाबून पाहे. भाव करे नाही,
ते मले आवडे नाही.
"कर ना वं, नाहीतर लोकं लुटतीन तुले."
मंग शिकली. आधी मलेच लुटलं.

एक दिवस कोहळं सोडून
कोहळ्याची पानं मागितली.
अवं, ते तं गायीले टाकतो आम्ही!
तिनं देठाचे धागे सोलून दाखवले, सुरकन्,
फल्लीदाण्याचा कूट घालायचा म्हणे.
पाल्याचे पैसे कसे घ्यावं?
तरी पाच रुपये ठेवून गेली काट्याच्या पारड्यात.

मे महिन्यात परीक्षा झाली, गेली.
कळमेश्वरहून पानं अजून येतेत टोपलीत, सवयीनं.
गाय येऊन उभी राहते.
तिच्यापुढं फुलकोबीचा पाला.

काल रात्री म्या धागे सोलले.
घरचे म्हणे, हे काय वं?
खा मुकाट्यानं, म्हटलं.
सांभार टाकला हाये वरून.