तोंडात टोस्ट

सातव्या भागातही ती पळतेच आहे.
तोंडात टोस्ट, पाठीला दप्तर, उशीर झालेला,
आणि वळणावर अजून कोणी धडकत नाही.
खरं तर धडकायला हवं, तसा नियमच असतो.
टोस्ट उडतो, वह्या सांडतात,
समोरचा मुलगा शाळेत नवा, आणि नेमका
तिच्याच वर्गात, खिडकीकडच्या शेवटून दुसऱ्या बाकावर.
पण ही मालिका नियमांचीच टर उडवते.
आतापर्यंत तिनं चार पाव फस्त केलेत
आणि प्रेमात पडलाय फक्त बेकरीवाला,
तोही तिच्या नाही, तिच्या उधारीच्या.

हे मला केतकी समजावते,
एका पांघरुणात, रविवारी साडेचारला,
डिसेंबरातल्या स्विंडनचा दिवस केव्हाच उरकलेला.
"आई, तू चुकीच्या जागी हसतेयस."

लहानपणापासूनचा मित्र असेल तर तो हरतो.
हा नियम त्या बिचाऱ्याला पाठ आहे.
हरल्यावर रडायला गच्चीवर जातो
तर तिथं रांग!
आणखी कुठकुठल्या गोष्टींतले हरलेले मित्र,
हातात टोकन घेऊन उभे.
"तुमचा कितवा नंबर?"
इथं मी हसले नाही. केतकी हसली.

मंगळवारी टोस्टरजवळ चुरा दिसला.
खिडकीतून पाहिलं तर आमची कन्या पळत निघालेली,
बसला अजून अकरा मिनिटं असताना,
तोंडात टोस्ट, त्यावर शेंगदाण्याची चटणी.
मी काही बोलले नाही.
बोलायचं ते एवढंच होतं, की बाळे, या गावात वळणं कुठायत?
इथं प्रत्येक कोपरा घासून गोल केलाय,
एके ठिकाणी तर एका चक्राभोवती पाच चक्रं,
आणि सगळे एकमेकांना
आधी तुम्ही, छे छे आधी तुम्ही करत फिरतात.
धडकायचं कसं माणसानं?

तरी धडकलीच.
प्रिचर्ड आजोबांच्या कुत्र्याला.
टोस्ट उडाला. तो मेजरनं हवेतच झेलला, चटणीसकट.
बुधवारी मेजर त्याच जागी हजर. गुरुवारीही.
नियमानं पाहिलं तर हेच ते.

नवव्या भागात तो मुलगा मनातलं सांगायला तोंड उघडतो
आणि धडधडत आगगाडी जाते.
"काय म्हणालास?"
"काही नाही."
मग रूळच नसलेल्या डोंगरावर जातात, तिथंही गाडी.
शेवटी ग्रंथालयात, कुजबुजत,
तर दोन कपाटांच्या मधून आख्खी मालगाडी,
बावन्न डबे, मागे गार्ड, हिरवा झेंडा.
मी डोळ्यांतून पाणी येईतो हसले.
"आता बरोबर जागी," केतकी म्हणाली.

आणि मग आठवलं.
स्टेशनामागची ती भाड्याची खोली,
आमचा इथला पहिला हिवाळा, काचेवर आतून ओल.
श्रीरंग माझ्या मागे उभा राहून काहीतरी म्हणाला होता
आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली.
"काय?"
"काही नाही."
मी गॅस बंद केला. पानं घेतली.
अठरा वर्षं होतील.

उठले. तो स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होता.
किटलीचं बटण मी खाली ओढलं.
"तेव्हा काय म्हणाला होतास?"
"कधी?"
"कुकर. तिसरी शिट्टी."
बाहेर केतकीनं मालिका थांबवली.
इतकी शांतता की फ्रिजचाही आवाज नको वाटला.
त्यानं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं.
"वरणात मीठ राहिलंय, असं काहीतरी असेल."

"बाबा!" बाहेरून उशी आपटल्याचा आवाज.
किटली पुन्हा चालू करून तो भिंतीकडे वळला,
आणि त्याचे कान,
त्या मालिकेत रंगवतात तसे,
थेट टोकापर्यंत लाल.

त्या दिवशी वरणात मीठ होतं.
मला चांगलं आठवतंय.