दीड तासाची टाकी

ओटमारचा ट्रॅक्टर माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.
म्हणजे त्यालाही आता अहो-जाहो करायला हवं.
मूळचा लाल. आता गंज, ग्रीस
आणि आमच्या लूप नदीकाठची धूळ, या क्रमानं.

पेट्रोलवर होता तेव्हा
त्याचा कार्ब्युरेटर दर थंडीत
सुटा होऊन माझ्या स्वयंपाकाच्या टेबलावर यायचा,
खसखशीच्या कोलाचेंच्या शेजारी.
एका वर्षी मी म्हटलं, पुरे.
हा गेला ग्रँड आयलंडला, बुडालेल्या गोदामाच्या लिलावात,
आणि फोर्कलिफ्टच्या चार टाक्या घेऊन आला,
एकेक नुकत्या जन्मलेल्या वासराच्या वजनाची
आणि तितकीच धरायला अवघड.

सीटमागे लोखंडी पाळणा वेल्ड केला.
टाकी आडवी निजवायची,
कडेची खाच खुंटीत बसलीच पाहिजे,
नाहीतर सेफ्टी व्हॉल्व्ह खाली जातो
आणि, ओटमार म्हणतो, मी वर.

इंजिनचं गरम पाणी एका डब्याभोवती फिरतं,
तिथं द्रवाचा वायू होतो.
जुलैच्या उन्हात नळीच्या सांध्यावर बर्फाची साय.
तेल बदलायला काढलं तर मधाच्या रंगाचं;
शेजारच्या एमेटनं बोट बुडवून पाहिलं,
मग आमच्याकडे पाहिलं,
जणू आम्ही आदल्या रात्री गुपचूप भरून ठेवलं होतं.

पण टाकी दीड तासाची.
अल्फाल्फाच्या सात फेऱ्या, आठवी अर्ध्यात.

चाळीस वर्षं हा माणूस
पहाटे टाकी भरून जायचा
आणि दिवे लावून परतायचा.
मधल्या वेळात मला दिसायची फक्त धूळ:
धूळ हलते आहे, म्हणजे ठीक आहे.
आता दर दीड तासाला मी
पिकअप घेऊन कुंपणापाशी,
मागे भरलेली टाकी, पुढे थर्मास.

तो आधी व्हॉल्व्ह बंद करतो,
नळीतलं उरलंसुरलं इंजिनला पिऊ देतो.
ते दोनदा खोकतं, थांबतं.
मग एवढी शांतता
की काहीतरी बोलावंच लागतं.
पहिल्या उन्हाळ्यात आम्ही हवामानावर बोललो.
दुसऱ्यात, त्याच्या भावावर.

एक गोष्ट सांगायची राहिली.
प्रोपेनला स्वतःचा वास नसतो,
गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळतात,
सडक्या कोबीसारखा.
आणि ओटमारचं नाक
तीन वर्षांपूर्वीच्या तापात गेलं ते गेलंच.
म्हणून तो हातमोजे घालून सांधा आवळतो
आणि मी वाकून हुंगते.
पहिल्याच आठवड्यात मी दोनदा ओरडले.
तळघरात कोबी आंबायला घातला होता,
वास माझ्याच हातांना होता.

परवा मला सर्दी झाली.
दोघांत मिळून एकही नाक नाही.
मग डबड्यात साबणाचं पाणी, रंगाचा जुना ब्रश,
सांध्यावर फेस लावला आणि वाट पाहिली.
एक फुगा आला.
मोहरीएवढा. मग वाटाण्याएवढा.
त्यात आकाश होतं, उलटा पाळणा होता,
आणि कपाळाला कपाळ लावून दोन म्हातारी.
फुटला.

त्यानं पाना पाव वेढा फिरवला.
मी पुन्हा ब्रश लावला.
"आला?"
"नाही."
"बघत राहा."
उत्तरेकडून ढग चढत होते,
कापलेलं गवत तसंच पडलं होतं,
कॉफीवर पापुद्रा आला.
टाकी भरलेली, सांधा पक्का,
किल्ली त्याच्याच खिशात.
आम्ही आणखी थोडा वेळ
न येणारा फुगा बघत बसलो.